आरमोरीच्या बाईंची दाढ

१८ मार्च १९५४, गुरुवार

सहाण बाटली! देवाची सहाण!

सकाळी न्हाऊन आले तर हे मोरीशेजारी उकिडवे बसून सहाणेवर काहीतरी उगाळताहेत. मला वाटलं, आज कधी नव्हे ते पूजेचं मनावर घेतलं. जवळ जाऊन बघते तर बोटांत दाढ! माणसाची! पाणी घालघालून अर्धी झिजवलेली.

"हे काय करून राह्यले तुमी?"

"आपल्या दवाखान्यातला दगड खरखरीत आहे. हा बारीक आहे," म्हणाले, आणि पुन्हा घासायला लागले. कुणाची दाढ म्हणून विचारलं तर मान वर न करता — "जुनी आहे."

घासून घासून कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ केली, कापसात गुंडाळली आणि गेले सरकारी दवाखान्यात. तिथल्या मायक्रोस्कोपखाली बघायची म्हणे. दोन वाजले तरी पत्ता नाही. आले ते तोंड उतरवून. पानातलं नुसतं चिवडत बसले आणि मधेच विचारतात — "इंदू, तुले उजव्या बाजूनं चावता येते का वं?"

पाच वर्षांनी आठवण झाली! मी तशीच उठून आत गेले. सहाणेचा राग होता.

२० मार्च

नवी सहाण आणली. जुनी ह्यांच्या स्वाधीन केली. काय घासायचं ते घासा.

१८ एप्रिल

महाकालीच्या जत्रेने आमचं चांदा गाव फुललंय. झरपट नदीच्या काठी पाय ठेवायला जागा नाही. दवाखान्यातही रांग — आंध्राकडचे, नांदेडकडचे, कुणाचा गाल सुजलेला, कुणी नवसाला आलेले आणि दाताने हैराण.

ह्यांच्या डोक्यात मात्र नवीनच खूळ. मुंबईहून एक बाटली मागवली आहे, पांढऱ्या पुडीची. कीड कोरताना नस उघडी पडली तरी दाढ काढायची नाही, तिच्यावर ही पूड कालवून बसवायची आणि दोन महिन्यांनी पुन्हा उघडून बघायचं. जत्रेत पाच जणांच्या दाढा अशा भरल्या. प्रत्येकाला हात जोडून सांगितलं, "परत या." सगळे हो म्हणाले.

यात्रेकरू ते! दाढेसाठी कोण परत येतंय?

६ जुलै, मंगळवार

ते पाच जण अर्थातच फिरकले नाहीत. आज सहावी आली.

आरमोरीच्या मुलींच्या शाळेतली मास्तरीण, कमळाबाई. पहाटे डोंग्यातून वैनगंगा ओलांडली, ब्रह्मपुरीला छोटी रेल्वेगाडी धरली आणि गालाला हात लावून आमच्या दारात उभी. लग्न व्हायचंय. घरी एकटी आई. बोलणं मोठं गोड — दाढ ठणकत असताना सुद्धा!

मी नेहमीसारखी खुर्चीशेजारी. हत्यारं उकळणं, कापूस देणं, डोकं धरणं हे माझं काम. ह्यांनी पायाने यंत्र फिरवत कीड कोरली. कोरता कोरता नस उघडी पडली, रक्ताचा ठिपका दिसला. मी सवयीने पक्कड हातात घेतली. तर म्हणतात, "ठेव ते."

ठेव ते!

बाटली काढायला लावली. काचेच्या पट्टीवर दोन थेंब पाण्यात मीच पूड कालवली. ह्यांनी ती नसेवर अशी ठेवली जशी चिमणीच्या पिलाला भरवताहेत. वरून लवंगेच्या तेलातली जस्ताची पूड. सगळं मिळून एक तास! बाहेर घोट गावचा जंगू जबडा धरून बसला होता. त्याची दाढ मग तीन मिनिटांत हातात आली.

बाई निघताना म्हणाली, "डाक्टरसाहेब, वाचंल ना जी माझी दाढ? मले दिवसभर पोरींसमोर बोला लागते."

"वाचवू. तुमी फक्त परत या."

माझी दाढ — मार्च एकोणपन्नास. लग्नाला दीड वर्ष. नवाकोरा दवाखाना, बाहेर माणसं खोळंबलेली. मी म्हटलं, उजवीकडे खाली दुखतं. "बस," म्हणाले. बसले. पाच मिनिटं! तोंडात कापूस कोंबून घरात पाठवलं. "दुखते ते काढून टाकलं, आता दुखाले काई राह्यलं नाई," असं हसत म्हणाले होते. तेव्हापासून मी डाव्या बाजूने जेवते आणि हसताना तोंडाला पदर लावते.

आणि हिची दाढ वाचवू!

९ जुलै

आज विचारलंच. "सगळ्यांच्या काढता, तिचीच काऊन ठेवली?"

रागावतील वाटलं होतं. उलट खुलले. ताट बाजूला सारून भाताची शितं मांडून दाखवायला लागले. ही दाढ, ही आतली नस, ह्या तिच्याभोवतीच्या पेशी — निजलेल्या. जखम झाली की आत सूज येते. आपण म्हणतो सूज वाईट. पण त्या सुजेतूनच कसला तरी रस सुटत असला पाहिजे, तो ह्या निजलेल्यांना हाक देतो, आणि त्या उठून जखमेपुढे नवी भिंत बांधतात. दात आपला आपण बरा होतो! ती हाक नेमकी कसली, हे अजून कुणाला ठाऊक नाही.

"आपण फक्त वाट पाहाची," म्हणाले. "घाई करणारा डाक्टर गाढव असते."

मी भात वाढायला चार हाका मारल्या होत्या, तेव्हा कुठे हे उठून आले होते. ते राहू दे.

"आणि पुडी कसली?"

"चुना."

"पानाचा?"

"चुनाच तो. पण निखळ. त्यात कचऱ्याचा कण गेला तर नस सडते. तू पट्टी धुवून घेतेस ना? घेत जा."

काळ्या पुठ्ठ्याच्या वहीत तिचं नाव लिहिताना मी पाहिलं. 'क्रमांक ७ — कु. कमळा, आरमोरी.' जत्रेतले पाच आणि ही एक, झाले सहा. सात कुठून आले? मास्तरीण समोर असली की आकडेही चुकतात वाटतं! वही लगेच कुलपात घातली.

१७ जुलै

टपालाने पत्र. ह्यांनीच तिला सांगून ठेवलंय — दर आठवड्याला लिहा, थंडाने किती दुखतं, गरमाने किती, चावताना काय.

मुखरू पोस्टमनने माझ्या हातात दिलं. कार्डच होतं, वाचायला काय हरकत? 'डॉक्टरसाहेब यांस कमळाचा नमस्कार. सोमवारी विहिरीच्या पाण्याने ठणका लागला, तो आपण सांगितल्याप्रमाणे मोजला. साठ अंक मोजेपर्यंत राहिला. बुधवारी चाळीस अंक. आपण म्हणालात तशी मी डाव्या बाजूने जेवते.'

डाव्या बाजूने जेवते! मी पण जेवते. मला कुणी अंक मोजायला सांगितलं नाही.

२४ जुलै

ठणका वीस अंकांवर आला. ह्यांनी मला ते असं वाचून दाखवलं, जसं कुणी पोरगं पास झाल्याचं सांगतात.

३१ जुलै

आता कार्ड नाही — पाकीट! कार्डावर मावत नाही म्हणे. दोन पानं. आईची तब्येत, शाळेचं गळणारं छप्पर, वैनगंगेचं पाणी, आणि शेवटी दाढ. दाढ चार ओळींत. बाकीच्याचं काय औषध करणार आहेत हे?

ह्यांनी उत्तर लिहिलं. दीड पान. मी माहेरी होते महिनाभर, तेव्हा मला काय आलं होतं? 'इकडे सर्व ठीक. घासलेट संपले आहे.'

३ ऑगस्ट, मंगळवार

आज ती तपासायला यायची होती. नदीला पूर. डोंगे बंद असणार हे शेंबड्या पोराला कळतं. तरी हे छत्री घेऊन स्टेशनावर! "सहज गेलो," म्हणाले. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं.

माझ्या भावाला आणायला म्हटलं होतं जानेवारीत, तेव्हा "त्याले रस्ता माहीत आहे."

२९ ऑगस्ट

तान्हा पोळा. गल्लीभर लाकडाचे नंदी. पोरांना बोजाऱ्याचा खाऊ-पैसा वाटता वाटता मी दमले, दुपारी रहमतबीकडे जाऊन बसले.

हे फक्त इथेच लिहिते. दाढ काढली तेव्हा जखम फार दिवस ठसठसायची. ह्यांना सांगितलं तर म्हणाले भरून येईल. तेव्हा बांगड्या भरायला आलेल्या रहमतबीने तंबाखू-चुना मळून हिरडीला लावायला शिकवलं. ठसठस गेली, तंबाखू राहिली. पितळेची डबी आहे, एका कप्प्यात तंबाखू, एकात चुना. कनवटीला असते. दातांच्या डाक्टरची बायको! ह्यांना कळलं तर काय होईल, देव जाणे.

तर रहमतबीला सगळं सांगितलं. पत्रं, स्टेशन, छत्री. ती चिमटी मळत म्हणाली, "बाई, जिच्या दाताची मर्दाले येवढी फिकर, तिच्या मुखड्याची नसंल काय?"

हसून म्हणाली. मी पण हसले. तेव्हापासून जेवण गेलं नाही.

१४ सप्टेंबर, मंगळवार

ती आली. नवं लुगडं, मोतिया रंगाचं. दाढ दाखवायला नवं लुगडं लागतं!

माझ्यासाठी घरची चारोळी आणली होती पुडीत. "ताई, तुमच्यासाठी." मी फळीवर ठेवून दिली.

ह्यांनी वरचं भरण हळूहळू काढलं. आतला चुना धुतला. भिंग लावून वाकले आणि वाकलेच राहिले. मग सळईचं टोक आत टेकवलं. टक् आवाज झाला, वाटीला नख लागावं तसा. पुन्हा टेकवलं. पुन्हा टक्. नस उघडी होती तिथे आवाज!

सळई खाली ठेवून हे खुर्चीभोवती एक फेरी मारून आले. सात वर्षांत मी हे पाहिलं नव्हतं.

"धरली!" म्हणाले. "पातळ आहे, दुधावरच्या सायीवाणी. पण धरली!" आणि आरसा तिच्या हातात दिला, तिची हनुवटी धरून वर केली आणि दाखवायला लागले — "हे पाहा, हे पांढरं, हे तुमचं तुमी बांधलं!" ती पाहत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ह्यांच्याही!

मी तिथेच होते. कापसाची वाटी धरून. मला कुणी म्हटलं नाही, इंदू, तू पण पाहा. पूड तर मी कालवली होती.

"साय जाड होऊ दे. आणखी एकदा चुना बसवून दोन महिने बंद करू," म्हणाले. "इंदू, कालव."

मी आतल्या टेबलाशी गेले. बाटली उघडली. पूड पट्टीवर घेतली. आणि मग ती मोरीत झटकली. कनवटीची डबी काढली. चुन्याच्या कप्प्यातून बोटभर काढला, पट्टीवर पसरला, पात्याने घोटला. पांढराच दिसत होता. जवळजवळ.

"लवकर," म्हणाले. भिंग बाजूला ठेवून ते तिच्याशी बोलत होते. घेतला, बसवला, बंद केला.

चुना तो चुना. तेच म्हणाले होते.

१५ सप्टेंबर

पट्टी धुतली नव्हती. आज धुतली.

२५ सप्टेंबर

पत्र. ठणका नाही. गरम चहा सुद्धा चालतो. डॉक्टरसाहेबांचे उपकार कसे फेडू.

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. लिहून ठेवते, म्हणजे पुढे खोटं बोलता येणार नाही.

९ ऑक्टोबर

पत्र आलं. हे सिंदेवाहीला गेले होते, शाळेतल्या पोरांचे दात तपासायला. पाकीट मी उघडलं. आता सवयच झालीय.

'घटस्थापनेपासून ठणका पुन्हा सुरू झाला आहे. थंडाने नाही, गरमाने. अंक मोजले, दोनशेच्या पुढे जातात. कधी कधी आपोआप सुरू होतो. मी लगेच यावे काय? कृपा करून उलट टपाली कळवावे.'

पुन्हा वाचलं. ह्यांना द्यावं म्हणून देवघराच्या कोनाड्यात ठेवलं. मग वाटलं, हे बघताच उठून आरमोरीला जातील. डोंग्यात बसून. छत्री घेऊन.

तांदळाच्या कोठीत तळाशी घातलं. दोन दिवसांनी देईन.

१८ ऑक्टोबर

दिलं नाही. आज दुसरं आलं. तेही कोठीत. उघडलं नाही — जाड आहे, पाहूनच कळतं.

ह्यांनी विचारलं, "आरमोरीचं काई आलं का?" मी म्हटलं, "नाई." भाजी चिरत होते. बोट कापलं नाही, हात हलला नाही. इतकं सोपं असतं हे.

२६ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. पणत्या लावल्या. हे ओट्यावर बसून राहिले. शेजारच्या पोरांनी फटाके दाखवले तर हसले सुद्धा नाहीत.

"तीही गेली," म्हणाले. "जत्रेतले गेले तशी. मले वाटलं होतं, ही एक परत येईल."

मला वाटलं होतं, ती गेली की हे माझ्याकडे वळतील. मी नवं लुगडं नेसले होते. जांभळं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी बरं वाटलं असतं का, कुणास ठाऊक.

२८ ऑक्टोबर

तिसरं. कोठीत. हात घातला तर आधीची दोन्ही बोटांना लागली.

२ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारची गाडी येऊन गेली आणि ती दारात. एका बाजूचा चेहरा ओळखू येत नव्हता. जबडा सुजून मानेपर्यंत, डोळा बारीक, अंगात ताप. सोबत आई. ब्रह्मपुरीपर्यंत लेकीचं डोकं मांडीवर घेऊन, तिथून गाडीच्या फळीवर निजवून आणलं होतं.

हे पाहताच उभे राहिले. "काऊन नाई आल्या तुमी? काऊन लिहिलं नाई?"

तिला तोंड उघडता येत नव्हतं. आई म्हणाली, "तीन पत्रं टाकली ना जी साहेब! पोरगी दररोज पोस्टात जाऊन पुसे, चांद्याचं आलं का म्हनून. तुमचं उत्तर आलं नाई तर म्हने, साहेबांनी सांगतलं हाय वाट पाहाची, तं मी वाट पाहून राह्यली."

ह्यांनी तिला खुर्चीत बसवलं. पेनिसिलीन टोचलं. मग भिंग घेतलं, भरण काढलं. आत सगळं काळं पडलं होतं, वास आला. सळई टेकवली. आवाज नाही. साय विरघळून गेली होती.

"पक्कड," म्हणाले.

मी दिली. हातात द्यायला पाच पावलं चालावी लागतात, ती मोजली मी.

तिने माझा हात धरला. सगळा वेळ. नखं रुतली माझ्या मनगटात, अजून खुणा आहेत. दाढ निघाली, पू निघाला, रक्त थांबलं. तिला पाणी पाजलं. जरा बोलता यायला लागलं तेव्हा सुजल्या तोंडाने म्हणाली, "ताई, तुमचा हात होता म्हणून भेव नाई वाटलं."

आणि ह्यांना — "तुमची काई चूक नाई जी. माझ्याच नशिबात नव्हती दाढ."

रात्री दोघींना इथेच ठेवून घेतलं. मी पेज करून दिली. तिने डाव्या बाजूने खाल्ली.

४ नोव्हेंबर

हे पोस्टात जाऊन भांडले. मुखरू दुपारी दारात आला. पन्नाशीचा माणूस, टोपी हातात घेऊन उभा. "बाईसाहेब, महाकालीची आन घेतो. तिन्ही पाकिटं मी तुमच्याच हाती देली ना जी? तुमी वसरीतच उभ्या होत्या. साहेब म्हनून राह्यले मी फेकून देलो. वरून तक्रार गेली तं माझी नोकरी जाईन."

हे आत होते. ऐकू जात असणार.

मी म्हटलं, "मले आठवत नाई, मुखरू."

त्याने टोपी डोक्यावर घातली. मग "बरं बाई," म्हणाला आणि गेला.

५ नोव्हेंबर

सकाळी कमळाबाई आणि तिची आई गेल्या. हे स्टेशनावर गेले नाहीत. दवाखाना उघडला, चार दाढा काढल्या. एकेक पाच मिनिटं. एकालाही थांबायला सांगितलं नाही.

मग काळी वही आणून माझ्यापुढे ठेवली. "बंबात घाल."

"काऊन?"

"औषध जमत नाई मले. चांगली धरलेली साय गेली. काई तरी चुकलं माझं. कालवण्यात नाई, ते तू करतेस. माझंच कुठंतरी."

पुडीची बाटलीही दिली. अर्ध्याहून जास्त भरलेली.

बंब धुपत होता. गोवऱ्या ओल्या आहेत, उद्या घालते म्हटलं.

६ नोव्हेंबर, शनिवार

वही घालायला गेले आणि घालण्याआधी उघडली. कमळाबाईंबद्दल काय काय लिहिलंय ते बघायचं होतं. शेवटचं एकदा जळून घ्यायचं होतं, दुसरं काय!

पहिलंच पान —

'क्रमांक १. सौ. इंदू. वय २३. खालची उजवी दाढ. मार्च १९४९ मध्ये मी काढली. बाटलीत जपून ठेवली होती. आज १८ मार्च ५४ रोजी सहाणेवर घासून मायक्रोस्कोपखाली पाहिली. किडीच्या आतल्या बाजूने नवा थर धरलेला, चांगला जाड. दाढ आपली आपण बरी होत होती. दोन महिने थांबलो असतो तर वाचली असती. बाहेर माणसं खोळंबली होती म्हणून घाई केली. ती अजून एका बाजूने जेवते. तिला कोणत्या तोंडाने सांगू? आधी एक तरी दाढ वाचवून दाखवीन, मग सांगेन.'

कोठीतून तिन्ही पत्रं काढली. क्रमांक सातच्या पानात ठेवली. वर पितळेची डबी ठेवली, उघडी. पत्रांचं पुन्हा एकदा विचारायला हे मुखरूच्या घरी गेलेत, परत यायचे आहेत. टेबलावर मांडून समोर बसले आहे.